नापास बाटली

आमच्या जिन्यात तिला सगळे बाटली म्हणायचे. दारूशी तिचा काडीचा संबंध नव्हता, चहासुद्धा ती अर्धाच कप घ्यायची. काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायची, म्हणून बाटली. तिचा नवरा विजेची मीटर दुरुस्त करायचा, पण त्याला कुणी मीटर म्हटलं नाही. असो. तिला त्या नावाचं वाईट वाटत नसे. वाईट वाटलं ते दुसऱ्या नावाचं, आणि ते कसं पडलं आणि तिनं ते कसं पुसून काढलं, तेच मला सांगायचं आहे.

मी तिच्या समोरच्या दारात राहत होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. शेजाऱ्यांच्या भानगडीत पडायची मला आवड नाही, ही एक भानगड सोडून.

तिचं काम मी एकदा जाऊन पाहिलं होतं. लांबलचक पट्टा, त्यामागे पांढऱ्या दिव्यांची भिंत, आणि तिच्यासमोरून ओळीनं बाटल्या जाताहेत. कुणाच्या बुडाशी बुडबुडा, कुणाची मान वाकडी, कुणाला केसाएवढा तडा. नजरेला खटकली की तिचा हात जायचा आणि बाटली बाजूच्या ट्रेमध्ये. बाकीच्या मुली नापास बाटली पिंपात भिरकावायच्या, खळ्ळकन आवाज झाला की त्यांना बरं वाटायचं. ही मात्र हलकेच उभी करून ठेवायची. कामाची पाळी संपल्यावर ट्रे एकदम रिकामा करायची. मी विचारलं, असं का. ती म्हणाली, घाई कशाला, नापास ती नापास, ती काय पळून जाते?

माणसांचंही तिचं तसंच असे. तिच्या मुकादमानं एकदा तिच्या चालण्यावर काहीतरी पाचकळ शेरा मारला. सगळ्या हसल्या. ही पट्ट्यावरची नजर न उचलता काम करत राहिली. पुढे कधीतरी मोठे साहेब पाहणीला आले. मुकादम छाती काढून सांगू लागला की माझ्या हाताखालून वाईट माल जातच नाही. तेव्हा हिनं त्यानं स्वतः पास केलेली एक बाटली दिव्यासमोर धरली आणि साहेबांच्या हातात दिली. तडा लख्ख दिसत होता. मुकादमाची बदली गोदामात झाली. मला ही गोष्ट तिनंच सांगितली, भाजीचा भाव सांगावा तशी.

अशा बाईच्या वाटेला जाऊ नये, हे तिच्या सासूला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण तिच्या सासूला काही सांगायची सोय नव्हती.

सासूबाईंना जिन्यात घासवाल्या आजी म्हणत. चार पोरं वाढवलेली बाई. जिन्यातल्या प्रत्येक मुलाचा पहिला घास त्यांच्या हातून, असा रिवाज त्यांनीच पाडला होता. स्वतःचा छोटा चमचा त्या जिवापाड जपत. घरोघर बोलावणं यायचं, त्या जायच्या. पोट दुखणारं मूल मांडीवर पालथं घालून शांत करायच्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांना थांबता येत नव्हतं.

बाटलीला पहिली मुलगी झाली ती ऐन उन्हाळ्यात. दवाखान्यातल्या नर्सनं तिला बजावून सांगितलं होतं की सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं काही नाही. पाणीसुद्धा नाही, कितीही उकडू दे, दुधातच बाळाला लागेल तेवढं पाणी असतं. पाण्यानं एवढंसं पोट भरलं की मूल दूध कमी ओढतं, आणि ओढलं नाही की आईचं दूध आटतं. वर पाण्यातून, बाटलीतून रोग जातो तो वेगळाच. यात न समजण्यासारखं काय आहे? पण सासूबाई म्हणाल्या, आपल्याला तहान लागते, तर त्या जिवाला लागत नसेल? जीभ बघ कशी कोरडी पडलीय. बाटली म्हणाली, नको. त्या म्हणाल्या, चमचाभर. ती म्हणाली, चमचाभरही नको, आई.

झालं. सासूबाईंनी विषय सोडला. तिथंच पाणी मुरायला लागलं.

थोड्याच दिवसांत पोर आईला धरेनाशी झाली. तोंड लावायची, दोन घोट घ्यायची, मान फिरवायची. वजन जिथल्या तिथं. बाटली घाबरली, दिवसभर पदराखाली घेऊन बसू लागली. आणि सासूबाई जिन्यात उभ्या राहून कुणाकुणाला सांगू लागल्या: दूध येतं हो, पण त्यात काही नाही. पाणचट आहे. पोर धरेल कशी?

पाणचट. हा शब्द मी माझ्या दारातून ऐकला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वरून ऐकला, तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यानं ऐकला. संध्याकाळपर्यंत तो जिनाभर झाला होता. आता पुढचं माहीत झाल्यावर मी एवढंच म्हणेन की स्वतः पाणी घालायचं आणि दुधाला पाणचट म्हणायचं, हे फक्त मुरलेल्या गवळ्याला जमतं.

मग पोरीला जुलाब लागले. सकाळी सुरू झाले आणि दुपारी पोर हातात लुळी पडली. दवाखान्यात नेली. एवढ्याशा हातात सुई, वर टांगलेली बाटली. डॉक्टरांनी विचारलं, दुधाशिवाय काय दिलंत? बाटली म्हणाली, काही नाही. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, थेंबसुद्धा नाही. मग डॉक्टरांनी आईकडे पाहिलं आणि विचारलं, पाजण्याआधी हात धुता का? ती मला म्हणाली, बाई, त्या प्रश्नापेक्षा थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कपडे घ्यायला घरी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक छोटी बाटली असायची, औषधाची, गोल खांद्यांची. कारखान्यातल्या बायका नापास मालातली एखादी लहान बाटली घरी आणत, फुलं ठेवायला नाहीतर शोभेला. ही तिनंच नापास केलेली. काठाच्या खाली, मानेत, केसाएवढा तडा होता. खिडकीत ती नव्हती. पिठाच्या डब्यामागे सापडली. तोंडावर रबरी बूच, बाळाच्या तोंडात देतात ते. बाटलीनं ती उजेडाकडे धरली. दुसरं काही करायचं तिला सुचलंच नसतं. मानेतल्या तड्यात साखरेची बारीक रेघ वाळून बसली होती, आणि तिच्या कडेनं काळसर काहीतरी.

म्हणजे तिनं स्वतः नापास केलेली बाटली तिच्याच पोरीच्या तोंडात गेली होती. ती आंघोळीला गेली की, ती डोळा लागून पडली की. साखरेचं पाणी. घाणीनं भरलेल्या तड्यातून.

तिनं ती बाटली नवऱ्यासमोर ठेवली, सासूसमोर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, फुलांची बाटली ती. रबर कुणी लावलं मला काय ठाऊक? मी थेंब पाजला असेल तर माझे डोळे जावोत. नवऱ्यानं दोघींकडे पाहिलं, आणि बायकोला म्हणाला, "आईनं चौघं वाढवलीत. तू आधी एक वाढवून दाखव."

हे वाक्य लक्षात ठेवा. तिनं ठेवलं होतं.

पोर वाचली. घरी आली तेव्हा मांजराच्या पिलाएवढी होती. नर्सच्या सांगण्यावरून बाटली तिला पुन्हापुन्हा अंगावर घ्यायची, दूध आटत आलं होतं ते तिनं ओढून परत आणलं, पहिल्यासारखं नाही पण पोर जगली त्याच्यावर. मात्र तो शब्द गेला नाही. घरात आमटी पातळ झाली की पाणचट. तिनं विनोद केला की पाणचट. नवरा लाडात आला की आमची पाणचट कुठाय? जिन्यातल्या बायका तोंडावर बाटली म्हणायच्या आणि पाठीमागे दुसरं. सासूबाई तिला पाण्यात पाहत होत्याच, आता सगळा जिना पाहू लागला.

एका दुपारी ती माझ्याकडे आली. फडक्यात गुंडाळलेली ती बाटली, रबरासकट. म्हणाली, बाई, ही तुमच्याकडे ठेवा. मी म्हटलं, कशाला? फोडून टाक, जखम उघडी ठेवून काय मिळणार? ती म्हणाली, "नापास आहे ना, बाजूला ठेवायची. मला आईंच्या तोंडून एकच वाक्य हवंय. दूध चांगलं होतं, पाणी मी पाजलं. आणि ते जिन्यासमोर हवंय. पाणचटही जिन्यासमोरच म्हटलं होतं."

मी बाटली पुस्तकांच्या कपाटावर ठेवली, जाडजूड कोशांच्या मागे. लोक मला हल्ली सांगतात की अशा गोष्टी पोटात घालाव्यात. घालाव्यात ना. ज्याच्या पोटात दुखतं त्यानं घालाव्यात की ज्यानं दुखवलं त्यानं, हे मात्र कुणी सांगत नाही.

ती बाटली माझ्याकडे बरीच वर्षं राहिली. पोर शाळेत जाऊ लागली. काटकुळी होती, पण जिभेला धार. आजीशी तिचं छान जमायचं, आणि आईनं त्यात कधी बिब्बा घातला नाही. याचं मला फार नवल वाटायचं. मी विचारलं, तर म्हणाली, भांडण माझं आहे, पोरीचं नाही.

मग तिला पुन्हा दिवस गेले. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात ती माझ्या दारात उभी. बाळ खांद्यावर. म्हणाली, बाई, आमची बाटली द्या.

तिनं बाटली घासून लखलखीत केली, त्यात पाणी घातलं, एक फूल खोचलं आणि जेवणाच्या टेबलावर सासूबाईंच्या ताटासमोर ठेवून दिली. बस. दुसरं काही नाही. नवरा म्हणाला, अरे वा, छान दिसतंय. ती म्हणाली, फुलांचीच बाटली ना ती.

सासूबाईंनी ती ओळखली. ओळखली हे दाखवता मात्र येत नव्हतं. कुठून आणलीस, असं विचारायची सोय नव्हती, कारण फुलांच्या बाटलीचं एवढं काय? उचल ती इथून, असं म्हणायची सोय नव्हती, कारण का? त्यांनी खुर्ची बदलली. दुसऱ्या दिवशी बाटली नव्या खुर्चीसमोर. त्यांनी पलंगावर ताट घेतलं, तर बाटली पलंगाशेजारच्या स्टुलावर. एकदा त्यांच्या हाताचा धक्का लागून ती खाली पडली, सतरंजीवर, आणि फुटली नाही. काचेलाही कधीकधी अक्कल असते. एकदा ती टेबलावरून नाहीशीच झाली. बाटली शांतपणे जिना उतरली, कचऱ्याच्या डब्यातून ती काढून आणली, उकळत्या पाण्यानं धुतली आणि ताजं फूल घालून जागेवर ठेवली. रोज नवीन फूल. माझ्या कुंडीतली सगळी शेवंती त्या बाटलीत गेली, आणि मी आनंदानं जाऊ दिली.

घरी आलेले पाहुणे म्हणायचे, सुनेला किती हौस आहे. सासूबाई हसायच्या. घास मात्र घशाखाली उतरायचा नाही. तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते मी त्या घरात रोज दोन वेळा पाहिलं.

बाळाच्या बाबतीत बाटलीनं या खेपेला कुणावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. आंघोळीला जाताना पाळणा मोरीच्या दाराशी. दुपारी पडायची तर बाळाला कुशीत घेऊन, दाराला कडी. कामावर परत गेली तेव्हा कारखान्याच्या पाळणाघरात त्याला ठेवलं आणि मधल्या सुटीत जाऊन पाजलं. पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा तीच उष्णता, भिंती तापलेल्या. सासूबाई फक्त बाळाच्या ओठांकडे बघायच्या आणि मग समोरच्या फुलाकडे. पाणी हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. बाळ निव्वळ अंगावरच्या दुधावर टम्म फुगलं. मनगटाला वळ्या पडल्या. नर्सनं काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, याला उचलायला दोन माणसं ठेवा. जिन्यात ती बाळाला मुद्दाम प्रत्येक मजल्यावर थांबून दाखवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना तिनं विचारलंसुद्धा, कसं वाटतंय, पाणचट वाटतंय का? त्या बाईंना एकदम दुधाचं भांडं गॅसवर असल्याचं आठवलं.

सहा महिने पुरे झाले. बाळ टेकून बसू लागलं होतं, मान सावरत होतं, कुणी जेवायला बसलं की दोन्ही हात ताटाकडे. आता सुरुवात करायची होती. आणि घासवाल्या आजींचा रिवाज सगळ्यांना माहीत होता. त्यांचं स्वतःचं नातवंड. त्यांना डावलायचं तर जिना तोंडात बोट घालणार. मला वाटलं, बाटली डावलणारच. पण तिनं स्वतः सगळ्यांना सुटीच्या दिवशी दुपारी बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, इस्त्रीवाल्याची बायको, मधल्या मजल्यावरच्या दोघी जावा, मी. नर्सलाही बोलावलं होतं, पण तिची दवाखान्यात ड्युटी होती. सासूबाई खुलल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी नवे कपडे काढले, केस नीट बांधले, आपला छोटा चमचा घासून आणला. त्यांना वाटलं, सून नमली.

टेबलावर वाटीत मऊ कुस्करलेला भोपळा होता. घट्ट. सासूबाई म्हणाल्या, जरा पाणी घालून सारखं केलं असतं तर गिळायला सोपं गेलं असतं. बाटली म्हणाली, नाही आई, चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतपतच घट्ट हवं, पातळानं नुसतं पोट भरतं, अंगी लागत नाही. मीठ नाही, साखर नाही. शेजारी वाटीभर उकळून गार केलेलं पाणी होतं, कारण आता जेवणाबरोबर दोन घोट द्यायला हरकत नव्हती. बाळ तिच्या मांडीवर बसून टेबलावर थापा मारत होतं.

सासूबाईंनी चमचा उचलला. बाटली म्हणाली, "थांबा आई. पहिला घास तुम्हीच द्या. पण आधी हे तुम्ही प्या."

तिनं त्या बाटलीतलं फूल काढून बाजूला ठेवलं होतं. पाणी बदललं होतं, त्यात साखर घातली होती. फडक्यातून ते जुनं रबरी बूच काढलं, सगळ्यांदेखत तोंडावर बसवलं, आणि बाटली सासूपुढे धरली.

कुणी हसलं. इस्त्रीवाल्याच्या बायकोला ही काहीतरी गंमत वाटली. नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, अगं काय चाललंय? ती म्हणाली, काही नाही, आईंना साखरेचं पाणी पाजतेय. फुलांची बाटली आहे, धुतलेली आहे. दोन घोट.

सासूबाईंचा चेहरा पडला, पण त्या जुन्या खेळाडू होत्या. उसनं हसू आणून म्हणाल्या, भलतं काय, या वयात मी बाटलीतून पिऊ? बायका म्हणाल्या, प्या हो आजी, सुनेचा हट्ट आहे. आणि बाटली तशीच हात पुढे करून उभी. ते रबर त्यांच्या तोंडाच्या अगदी जवळ. सासूबाईंनी मान मागे घेतली आणि चिडून म्हणाल्या, "नको म्हटलं ना. तिरपी केली की मानेतून गळते ती. माझे कपडे चिकट होतील."

मी रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोग फसला की वर्गात एक शांतता पसरते, आणि जमला की दुसरीच. ही दुसरी होती.

बाटलीनं हात खाली घेतला. अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, फुलांची बाटली तिरपी कोण करतं?"

मधल्या मजल्यावरच्या थोरल्या जावेला लगेच कळलं, तिनं धाकटीचा हात धरला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना जरा वेळ लागला. नवऱ्याला सगळ्यात उशिरा कळलं, पण कळलं. मीटर दुरुस्त करणारा माणूस, गळती कुठं आहे हे शोधणं त्याचं पोटापाण्याचं काम. तो आईकडे बघत राहिला. इतके महिने टेबलावर सरळ उभ्या असलेल्या, थेंबही न सांडलेल्या त्या बाटलीकडे बघत राहिला.

सासूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, उन्हाळा होता. पोर रडत होती. तिचे ओठ सुकले होते गं. मी काही वाईट मनानं नाही.

यातलं सगळं खरं असेल. मला त्यांचा चेहरा बघून क्षणभर वाईटही वाटलं, आणि मला वाटलं आता बाटली थांबेल. थोबाड फुटलं, पुरे झालं. ती थांबली नाही.

ती म्हणाली, ते नाही आई. ते मला माहीत आहे. दुसरं.

बाळानं भोपळ्याच्या वाटीत मूठ घातली, ती तिनं पुसली आणि पुन्हा सासूकडे पाहिलं. पट्ट्यासमोर पाहते तसं. घाई नाही.

शेवटी सासूबाई पुटपुटल्या, दूध चांगलं होतं तुझं.

"मोठ्यानं," बाटली म्हणाली. "पाणचट म्हणालात तेव्हा तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं होतं."

सासूबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी मान खाली घातली नाही, हे आमच्या जिन्याचं कौतुक म्हणा की क्रूरपणा. मग त्या नीट, स्पष्ट म्हणाल्या की दूध चांगलं होतं, पाणी मी पाजलं. आवाज फाटला, पण शब्द पुरे झाले.

बाटली नवऱ्याकडे वळली. म्हणाली, "एक वाढवून दाखव म्हणाला होतात. दोन वाढवलीत. एक तर तुमच्या आईच्या हातून सोडवून."

मग तिनं सासूबाईंच्या हातातला चमचा काढून घेतला. ओढून नाही, सहज, मोठ्या माणसाच्या हातून जड पिशवी घ्यावी तसा. आणि बाळाला पहिला घास स्वतः दिला. बाळानं तोंड वाकडं केलं, भोपळा जिभेनं बाहेर ढकलला, माझ्या अंगावर उडवला, आणि पुन्हा आ केला. मोठी पोर म्हणाली, मला पण द्या, मला तर तेव्हा काहीच दिलं नाही. सगळ्या बायका एकदम जोरात हसल्या, जितकं हसायला हवं होतं त्याहून जरा जास्तच. आता बायका उठण्याची कारणं शोधू लागल्या.

मी नंतर तिला विचारलं, सासूबाई गळण्याचं बोलून जातील हे तुला माहीत होतं? म्हणाली, नाही हो बाई. मला वाटलं, मुकाट पिऊन टाकतील. पिऊन टाकलं असतं तरी चाललं असतं मला. मानेतून हनुवटीवर ओघळलं असतं, आणि मी सगळ्यांदेखत विचारलं असतं की पोरीच्या हनुवटीवर असंच ओघळायचं ना, आई?

आमच्याकडे एखाद्याला हरवलं की त्याला पाणी पाजलं म्हणतात. मी आयुष्यभर हे ऐकत आलेय. पण बाटलीत घालून, साखर मिसळून, रबर लावून पाणी पाजलेलं मी एकदाच पाहिलं.

ती बाटली दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात नेली आणि पाळी संपताना ट्रेमधल्या बाकीच्या नापास मालाबरोबर भंगारात ओतली. भट्टीत गेली असेल. कुणाच्यातरी औषधाची नवी बाटली झाली असेल. पाणचट हा शब्द त्या घरात आमटीलाही कुणी लावला नाही पुढे. आमटी पातळ झाली की नवरा म्हणायचा, सैल झालीय.

घासवाल्या आजींना मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही. जिन्यात नवीन मूल झालं की बायका बाटलीच्या दारात यायच्या, आणि ती त्यांना उभ्याउभ्या नर्सकडे पाठवायची. मला विचारू नका, मी बाटल्या तपासते, असं सांगायची. सासूबाई दारामागून ऐकत. त्यांचा चमचा ड्रॉवरमध्ये चहाच्या चमच्यांत मिसळून गेला.

ती त्यांना वाईट वागवत नव्हती, हे सांगायला हवं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, अंथरूण स्वच्छ. म्हातारपणी पाय गेले तेव्हा उचलून नेलं. ज्यांना सूड म्हणजे आदळआपट वाटते त्यांना यात काही दिसणार नाही. पण त्यांनी पाणी मागितलं की ती पेला भरायची, खिडकीशी जायची, पेला उजेडाकडे धरायची. फिरवून बघायची. वरून, खालून. मग द्यायची. प्रत्येक वेळी. सासूबाई पलंगावर तहानेल्या बसून बघत राहायच्या. शेवटपर्यंत हे चाललं.

एकदा मी तिथेच बसले होते. सासूबाईंना राहवलं नाही. म्हणाल्या, अगं दे ना, काही नाही त्यात.

बाटली पेला उजेडात धरून उभीच होती. म्हणाली, "नसेल आई. पण बघून दिलेलं बरं."